आठवड्याला एकच तबकडी

मित्रमंडळींना दर आठवड्याला काहीतरी ऐकवायचं, असा नेम धरलेली माणसं मुंबई-पुण्यात, कोल्हापुरात, गोव्यात आजही आहेत. कुणी घरी बैठक जमवतं, कुणी मोबाइलवर एखादं ध्वनिमुद्रण धाडतं. त्यांतला जाणता माणूस लगेच ओळखू येतो. तो चीजांचा ढीग ओतत नाही. एकच निवडतो आणि हीच का, हे त्याला नेमकं ठाऊक असतं.

अशा निवडीचं अजोड उदाहरण 1977 सालचं आहे. 'व्हॉयेजर' अवकाशयानांबरोबर पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांचे सहकारी जगभरचं संगीत गोळा करत होते. जागा जेमतेम दीड तासाची; तीत बाखपासून चक बेरीपर्यंत 27 रचना बसवल्या गेल्या. भारतातलं काय घ्यावं, या प्रश्नावर रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने गायिका केसरबाई केरकरांची भैरवी सुचवली, 'जात कहाँ हो'. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू, अवघी साडेतीन मिनिटं. ती तबकडी तेव्हा कुठे मिळेना. शोधता शोधता सेगन यांच्या सहकारी अ‍ॅन ड्रुयान न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात पोचल्या आणि तिथे टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. यानांचं दुसरं उड्डाण 5 सप्टेंबरला झालं. 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

त्या काळी अमेरिकेत भारतीय संगीत म्हणजे रविशंकरांची सतार, हे समीकरण पक्कं होतं. ब्राउन यांनी ती सोपी वाट धरली नाही. स्वतःला जे सर्वांत मोलाचं वाटलं, तेच त्यांनी पुढे केलं. ऐकवण्याच्या कलेत याहून मोठं धैर्य नाही.

ऐकवण्याआधी किती बोलायचं, इथे मात्र भल्याभल्यांचा तोल जातो. गोव्यातलं केरी गाव, अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, ध्वनिमुद्रणाबाबतचा बाईंचा काटेकोरपणा, मागे राहिलेल्या मोजक्या तबकड्या: सगळं सांगण्याजोगं आहे, पण नंतर. आधी एवढंच म्हणावं, "आकार ऐका," आणि सुई टेकवावी. पहिल्या खेपेला कान खरखरीतच अडकतो. म्हणून तीच बाजू लगेच पुन्हा लावायची. आता आवाज समोर येतो: मोकळा, भरदार, वर चढतानाही न आकसणारा. तान सुटते, पण दम कुठे घेतला ते उमगत नाही. साडेतीन मिनिटांत पसरायला जागाच नसते. गाणारीला थेट गाभ्यालाच हात घालावा लागतो, आणि ऐकणाऱ्यालाही.

मग कुणी भारावतं, कुणी नुसती मान हलवतं. दोन्ही चालावं. तबकडी कुणाला कुठवर नेईल, ते ऐकवणाऱ्याच्या हाती नसतं. भीमसेन जोशींनी लहान वयात अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि गाण्याच्या ओढीने घर सोडलं.

पुढच्या खेपेला अब्दुल करीम खाँसाहेबांचीच झिंझोटीतली ठुमरी लावावी, 'पिया बिन नहीं आवत चैन'. केसरबाईंच्या भरदार आवाजानंतर हा बारीक, टोकदार, सुराला चिकटून राहणारा आवाज ऐकला की दोन्हींची ओळख अधिक पक्की होते. एकाच बैठकीत मात्र दोन्ही लावू नयेत. मधले सात दिवस भैरवीचे असू द्यावेत.