आधी 'रणांगण', मग बाकीचं

चि. भाचीस,

तुमच्या जर्मनीतल्या मराठी वाचकगटाने पहिली कादंबरी म्हणून विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्यावी. ती १९३९ साली, म्हणजे दुसरं महायुद्ध पेटलं त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर हा मराठी तरुण आणि हेर्टा ही जर्मनी सोडलेली ज्यू तरुणी एकमेकांना भेटतात. मुंबई आली की तो उतरणार आणि तिची बोट पुढे पूर्वेकडे जाणार, एवढीच गोष्ट.

ही बोट लेखकाच्या कल्पनेतून निघालेली नव्हे. नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली गेली, दुकानं फोडली गेली. त्याआधी जुलैत एव्हियाँला बत्तीस देशांची परिषद भरली होती. तिथे बहुतेकांनी हळहळ व्यक्त केली आणि दारं बंदच ठेवली. शांघायला उतरायला तेव्हा व्हिसा लागत नसे, म्हणून हजारो ज्यू इटालियन बोटींनी सुएझमार्गे, मुंबईवरून तिकडे गेले. जर्मनीत राहून मराठी वाचणाऱ्यांच्या हाती आधी हेच पुस्तक पडायला हवं.

मामाने 'रणांगण' प्रथम वाचली ती गावातल्या वाचनालयाच्या प्रतीत. साल अडुसष्ट असेल किंवा सत्तर. त्या प्रतीत एका पानाच्या समासात कुणी पेन्सिलीने चक्रधरला 'भेकड' म्हटलं होतं. त्याखाली दुसऱ्या, बारीक, बहुधा बाईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तुम्ही काय केलं असतं?' आणखी दोन पानांनी पहिल्याचं उत्तर होतं, तेही खोडलेलं. कादंबरीतली कितीतरी वाक्यं विसरली गेली, पण हा समासातला वाद आजही डोळ्यांपुढे आहे. आधीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर हेर्टाला काय देऊ शकला आणि काय नाही, यावर वाचक आजही दोन बाजूंना उभे राहतात. गटात वाचण्याजोगं पुस्तक असंच असावं लागतं.

'मृत्युंजय' (१९६७) घराघरांत आहे आणि कर्णासाठी मामाही रडला आहे, पण तिची भाषा फार नटलेली आहे. गटात सगळे भारावतात आणि बोलायला काही उरत नाही. 'ययाति'ला (१९५९) मोठा मान मिळाला, खांडेकरांना १९७४चं ज्ञानपीठ मिळालं. तरी पात्रं आपापली व्यथा सांगता सांगता उपदेशाकडे वळतात, हे मत कायम आहे. दुसरी निवड 'कोसला' (१९६३) असावी. पांडुरंग सांगवीकर कुणाला आपलाच वाटतो, कुणाला असह्य. मधलं मत क्वचित ऐकू येतं. तिसरी 'बळी' (१९५०). ती विभावरी शिरूरकर, म्हणजे बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई, यांची. इंग्रज सरकारने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या तारेआडच्या वसाहतीवरची ही कादंबरी 'रणांगण'च्या मानाने फारच कमी वाचली जाते. हा मराठी वाचकांकडून झालेला अन्याय आहे.

बक्षिसांच्या याद्या पाहून पुस्तकं ठरवण्याची पद्धत इथल्या गटांतही आली आहे. ती तिकडे नको. अनुवादावर भागवणंही नको. चक्रधर-हेर्टाचं बोलणं तुटक, नेमकं आहे. बेडेकर सिनेमातले माणूस, 'रामशास्त्री'च्या दिग्दर्शकांपैकी एक. प्रसंग कुठे तोडायचा हे त्यांना कळत होतं आणि ते मराठीतच नीट ऐकू येतं.

तिकडे नातू मराठी बोलतो पण वाचत नाही, याची काळजी इथे सगळ्यांनाच आहे. त्याला अजून 'रणांगण' पेलणार नाही. 'बनगरवाडी' (१९५५) मात्र पेलेल. कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरवस्तीत शाळा चालवायला जातो, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलालाही धरून ठेवते. रोज दोन पानं, मोठ्याने, त्याच्याकडून वाचून घ्यावीत. अडेल तिथे सांगावं, पण पुस्तक त्याच्याच हातात राहू द्यावं.

'रणांगण' आणि 'बनगरवाडी' ही दोन्ही पुस्तकं पाठवत आहे. गटात कोण कुणाच्या बाजूने उभं राहिलं ते सविस्तर कळव.

तुझा,
मामा