माहितीपटात गड दिसतो, गाव कुठाय?

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण वेळ काढून वाचा.

११ जुलै २०२५ ला मराठा साम्राज्याचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत आमच्या शेजारचा राजगड आहे. पुण्याहून राजगडाला निघालेल्या गाड्या आमच्या वरवे बुद्रुकवरूनच पुढं नसरापूरकडं वळतात. आता किल्ल्यांवर, सह्याद्रीच्या जंगलावर, इथल्या लोककलांवर टीव्हीवर माहितीपट येत राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको. येऊ द्यात की! यायलाच हवेत. फक्त ते कसे यावेत, हे गावानं आत्ताच बोलून घेतलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

मी टीव्हीच्या विरोधात नाही. आमच्या घरचा अँटेना सिंहगडाकडं तोंड करून असायचा, कारण दूरदर्शनचा टॉवर तिथं. ‘सुरभि’ लागलं की सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्यासमोर अख्खी आळी बसायची. कुठल्या कुठल्या राज्यातले कारागीर आम्ही त्या खोक्यात पाहिले. देश केवढा मोठा आहे, हे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकाआधी टीव्हीनं सांगितलं.

आता बघा काय होतं ते. ड्रोन गडावरून फिरतो, ढोल वाजतात, खर्जातला आवाज हिंदीत ‘रहस्य’ सांगतो. बालेकिल्ला दिसतो, सुवेळा माची दिसते. पायथ्याच्या गुंजवण्याची, पालची माणसं दिसलीच तर ताक-सरबत विकताना, मागं कुठंतरी धूसर. त्यांना वाटा माहीत असतात, टाक्यात पाणी कधीपर्यंत टिकतं ते माहीत असतं. पण विचारतंय कोण?

काही वर्षांपूर्वी एक टीम आमच्या भागात आली होती. नाव घेत नाही. माझ्या नात्यातल्या एका आजींना त्यांनी जात्यावर बसवलं आणि तासन्‌तास ओव्या गाऊन घेतल्या. आजी खूश. शेजारणीला म्हणाली, “मी टीवीत येणाराय.” कार्यक्रम लागला तेव्हा आजी काही सेकंद दिसली. तिचा आवाज बंद, वर बासरी. खाली नावसुद्धा नाही, नुसतं ‘ग्रामीण महिला’. पुढं आजी गेली. घरच्यांनी फोन करून पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं, तर उत्तर आलं की जुना डेटा ठेवलेला नाही. आजीला पाठ होत्या तेवढ्या ओव्या आता घरात कुणालाच येत नाहीत. तिचा आवाज ऐकायची एकच जागा होती, तीही गेली.

असंच व्हायला पाहिजे असं नाही. याच पुणे जिल्ह्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी डोंगराळ भागातल्या बायकांकडून ओव्या गोळा करायला सुरुवात केली. काम वाढत गेलं, हजारावर गावं झाली, एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल यांनी कितीतरी तासांचं ध्वनिमुद्रण केलं. आज हा ठेवा ‘पारी’ या संकेतस्थळावर आहे. तिथं ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. नातवंडांना वाटलं तर आजी सापडते. त्या लोकांकडं कुठला ड्रोन होता? लिहून घ्यायची आणि जपून ठेवायची शिस्त होती.

दुसरा मुद्दा काजव्यांचा. मेअखेर-जूनमध्ये आमच्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात झाडंच्या झाडं लुकलुकतात. नर चमकून मादीला बोलावतो. मादी बऱ्याचदा खाली गवतात, झुडपात असते. म्हणजे बघायला आलेली गर्दी तिच्या अंगावर पाय देते आणि गाडीचे हेडलाइट, मोबाइलची बॅटरी नराचा इशारा पुसून टाकते. सुंदर फिल्म दाखवा, पण सोबत गावाचं नाव आणि रस्ता सांगितला की पुढच्या शनिवारी शे-दोनशे गाड्या हजर! देवराईचंही तेच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास करून त्या का टिकल्या ते मांडलं. देवाच्या धाकानं आणि गावाच्या नियमानं राई टिकली. कॅमेरा तो नियम सांगणार नसेल, तर नुसती हिरवी झाडं दाखवून काय उपयोग?

म्हणून माझ्या चार मागण्या. ग्रामसभेत मांडायच्या आहेत, तुम्हीही तुमच्या गावात मांडा.

१. जो बोलला, गायला, वाट दाखवायला आला, त्याचं नाव आणि गाव पडद्यावर आलंच पाहिजे.

२. माणूस मराठीत बोलतोय तर त्याचा आवाज ऐकू येऊ द्या. खाली भाषांतर लिहा, आवाज दाबू नका.

३. पूर्ण, न कापलेल्या रेकॉर्डिंगची एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा शाळेला द्या, आणि कार्यक्रम आधी गावात दाखवा.

४. काजवे, घरटी, देवराई यांची नेमकी जागा गावाला विचारल्याशिवाय सांगू नका.

हे मागायचं कुणी? २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं तिचंच काम. तुमच्या गावात ती समिती कागदावर आहे की खरंच बसते, ते आधी विचारा. शूटिंगला आलेल्यांनी तिच्यासमोर बसून बोलावं, चहा आम्ही पाजू.

कुणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर कोण येणार शूटिंगला? ज्याला खरं काम करायचंय तो येईल. ज्याला दोन दिवसांत ड्रोन उडवून जायचंय तो नाही आला तरी राजगडाचं काही अडत नाही.

तुमच्या घरात ओव्या, भारुडं, धनगरी गाणी येणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर कुठल्या वाहिनीची वाट बघू नका. आज रात्रीच मोबाइल समोर ठेवा. सुरुवातीला त्यांना स्वतःचं नाव, गाव आणि माहेर सांगायला लावा. मग गाऊ द्या.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलूया.