आमच्या घराची खडी

मे महिन्यात आमची डोंबिवलीची इमारत पाडली. पोकलेन तिसऱ्या मजल्यावरचं आमचं स्वयंपाकघर फोडत होता आणि बाबा समोरच्या पानटपरीच्या सावलीत उभं राहून बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "तू सिव्हिल केलंयस ना? हा राडारोडा डंपर कुठेतरी टाकून येणार. यातलीच खडी नव्या भिंतींत नाही का घालता येणार?"

सिव्हिलची डिग्री घेऊन मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो, त्यामुळे घरात हा विषय निघाला की मी विषय बदलतो. पण हे उत्तर मला येत होतं. शेवटच्या वर्षाचा आमचा प्रोजेक्टच तो होता. लॅबमागे पडलेले क्यूब हातोड्याने फोडायचे, चाळायचे आणि त्याच खडीचं पुन्हा काँक्रीट करायचं. पहिला माल मिक्सरमध्येच कोरडा पडला. जुन्या खडीला जुना सिमेंट-रेतीचा मसाला चिकटलेला असतो, आणि तो पाणी पितो. मग आम्ही खडी आदल्या रात्री भिजत घालायला लागलो, छोल्यांसारखी.

आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत अशा खडीला जागा मिळाली. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के, तेही एम-२५ पर्यंतच. आमच्या नव्या भिंती विटांच्या नाहीत. ॲल्युमिनियमच्या साच्यात सळया बांधून स्लॅबसकट एकदम ओतायच्या, एम-४०. नियमाने विषय तिथेच संपत होता.

मला मात्र दुसरीच भीती होती. आमची इमारत ऐंशीच्या दशकातली, आणि रेती खाडीची असं सगळेच सांगायचे. रेतीतल्या मिठाने सळई गंजते, गंज जास्त जागा मागतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. ओट्यावरच्या छताचे पोपडे आईच्या आमटीत पडलेले मी पाहिलेत. तेच मीठ मसाल्याबरोबर नव्या भिंतीत, नव्या सळईशेजारी नेऊन ठेवायचं?

"म्हणजे आपल्या घराचं काहीच चालत नाही," बाबा म्हणाले.

"पायाखालच्या पीसीसीत चालेल. तिथे सळई नसते. हलक्या ग्रेडला पूर्ण शंभर टक्के चालते."

दुसऱ्या दिवशी साइटवर गेलो. बिल्डरचा इंजिनिअर भला माणूस होता. त्याने नुसतं ढिगाकडे बोट दाखवलं. कॉलम, विटा, गिलावा, टाइल्स, कुणाच्या तरी न्हाणीतला कोबा, सगळं एकत्र. खडी हवी होती तर कॉलम-बीम आधी वेगळे फोडायला हवे होते. आता कोण निवडणार? आणि हा प्रश्न इमारत उभी असताना मला सुचायला हवा होता, बाबांना नाही.

तरी कॉलमचे तुकडे निवडून एक गोणी भरली आणि क्लोराइड तपासायला लॅबमध्ये दिली. दोन आठवडे लागतील म्हणाले. भाड्याच्या घरातून बाबांचा रोज रात्री फोन येतो, "रिपोर्ट आला का रे?"

शेवटचा डंपर परवाच गेलाय. ते त्यांनाही माहीत आहे.