घरबसल्या काम आणि व्हॉट्सॲपवरची नोटीस

उल्हासनगरच्या कॅम्प पाचकडे जीन्सचे धागे कापायचं काम घरोघरी चालत आलंय. कारखान्यातून गठ्ठा घरी येतो, दुपारची कामं आटोपली की बाई कात्री घेऊन बसते आणि पीसवर पैसे मिळतात. दर तुटपुंजा असतो. पण माल मालकाचा आणि पैसे देणाराही तोच. अंबरनाथ-बदलापूरला लेकरं घरी टाकून सकाळची लोकल पकडणं जिला शक्य नाही, तिला मोबाइलवरची ‘घरबसल्या कमवा’ ही जाहिरात म्हणूनच खरी वाटते. सायबर फसवणुकीच्या प्रकरणांत वकिली करताना ‘लोभाला बळी पडली’ हे वाक्य कानावर आलं की मला राग येतो. ती काम मागायला गेली होती.

पेन्सिल पॅकिंगच्या नावाने नोंदणी फी उकळणारे जुनेच. टेलिग्रामवाले जास्त धूर्त. व्हिडिओ लाइक करा म्हणतात, सुरुवातीचे शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात जमा करतात आणि विश्वास बसला की ‘प्रीपेड टास्क’साठी पैसे भरायला लावतात. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने अशा शंभरावर वेबसाइट बंद केल्या. नव्या निघायला वेळ लागत नाही.

मला सर्वांत क्रूर वाटतो तो डेटा एंट्रीचा सापळा. अंधूक छापलेले फॉर्म, मोजक्या दिवसांची मुदत, ९० टक्के अचूकतेची अट. काम नापास होणार हे आधीच ठरलेलं. मग फोन येतो, ‘वकीलसाहेब’ बोलतात: करार मोडलात, आज संध्याकाळपर्यंत पैसे भरा, नाहीतर पोलीस घरी येतील. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर कागद येतो. वर तीन सिंह, खाली गोल शिक्का, मध्ये तिचं नाव आणि तिनेच पाठवलेल्या आधार कार्डाचा नंबर. नवऱ्याला, सासूला कळू नये म्हणून ती मंगळसूत्र गहाण ठेवते.

बाई, तो कागद नीट वाचून घ्या. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. टायपिंग चुकलं म्हणून कुणालाही अटक होत नाही. तो फार तर दिवाणी वाद. करार कायदा १८७२चा आहे, आणि फसवून घेतलेली संमती त्यानुसार रद्द करता येते. उलट, खोटी ओळख सांगून ऑनलाइन फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आणखी एक: ‘कंपनीचे पैसे तुमच्या खात्यावर घेऊन पुढे पाठवा, कमिशन मिळेल’ असं काम कुणी सांगितलं तर लगेच नाही म्हणा. ते पैसे दुसऱ्या कुणाला तरी लुबाडून आलेले असतात, आणि चौकशीत पहिलं नाव तुमचं येतं.

पैसे गेलेच तर त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० हा क्रमांक फिरवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, आणि घरात सांगा.