टूनाचे सहा डबे

परवा लेकीने डॉर्ममधून फोटो पाठवला. कपाटात टूनाचे सहा डबे एकावर एक रचलेले, खाली मेसेज: "बाबा, जेवणाची सोय झाली!" डब्यांवर 'सॉलिड व्हाइट अल्बकोर' वाचलं आणि मी थेट २००७ सालात जाऊन पोचलो.

तेव्हा बायकोला चौथा महिना होता. ती मालवणची, मी सदाशिव पेठेतला. म्हणजे माशातलं मला ओ की ठो कळत नाही. ताज्या मासळीचा वास तिला सहन होईना, पण डब्यातला टूना कांदा-लिंबू घालून आवडीने खायची. आमच्या न्यू जर्सीच्या दुकानात लाइट टूना स्वस्त, व्हाइट महाग. आता अशा वेळी कोण काटकसर करतं? मी दर शनिवारी महागातले चार डबे उचलायचो.

मग एकदा डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, मासे कुठले खाता? उत्तर ऐकून त्यांनी एफडीए आणि ईपीएचं २००४ सालचं पत्रक हातात ठेवलं. गरोदर बायकांनी अल्बकोर आठवड्याला फार तर ६ औंस. म्हणजे जेमतेम एक डबा!

रात्री एक्सेल उघडून बसलो. ईपीएची मर्यादा वजनाच्या दर किलोला रोज ०.१ मायक्रोग्रॅम मेथिलमर्क्युरी. ५५ किलोच्या बाईला आठवड्याचे झाले ३८.५. अल्बकोरमध्ये ग्रॅममागे सरासरी ०.३५, डब्यातला निथळलेला मासा साधारण ११३ ग्रॅम. एका डब्यातच सुमारे ४०! आणि आम्ही चार...

मला वाटलं, दोष डब्याचा असेल. तसं नाही. कोळशाच्या धुरातून वगैरे हवेत गेलेला पारा पाण्यात उतरतो, जिवाणू त्याचं मेथिलमर्क्युरी करतात, मग छोट्या माशाला मोठा खातो आणि दर पायरीला साठा वाढत जातो. लाइट टूना बहुतेक करून छोट्या स्किपजॅकचा असतो, त्यात पारा अल्बकोरच्या जवळजवळ एक तृतीयांश. म्हणजे मी जास्त पैसे मोजून तिप्पट पारा घरी आणत होतो. तो मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे धुऊन, शिजवून जात नाही. शरीरातून निम्मा बाहेर पडायलाच पन्नासेक दिवस लागतात.

आम्ही घाबरून मासे बंदच केले. तर डॉक्टरबाई पुन्हा रागावल्या. मर्यादा ठरवतानाच दहापट सावधगिरी धरलेली असते, आणि बाळाच्या मेंदूला माशातली चरबी हवीच असते. मासे सोडू नका, मासा बदला! सार्डिनमध्ये पारा ग्रॅममागे फक्त ०.०१३. तेवढ्याच मापाला जेमतेम दीड मायक्रोग्रॅम. बायको डबा उघडून म्हणाली, "अहो, ही तर आपल्या तारलीची चुलत बहीण! आमच्याकडे सगळ्यात स्वस्त."

डॉक्टरबाईंनी धीर दिला खरा, पण लेक वेळेवर चालायला-बोलायला लागली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. बायको मला कधी एका शब्दाने बोलली नाही. मीच त्या एक्सेलची फाइल अजून डिलीट केलेली नाही.

असो. लेकीला लिहिलं, "ह्यातला आठवड्याला एकच. बाकी दिवस सार्डिन."

उत्तर आलं, "ई बाबा, वास येतो!"

सदाशिव पेठेचं रक्त, दुसरं काय!