मुरुड ते कर्दे, ओहोटीच्या वाटेने

दापोलीजवळच्या मुरुडला ओहोटी लागली की ओली वाळू इतकी घट्ट होते, की सायकल थेट कर्द्यापर्यंत विनासायास जाते. आज पहाटे तशीच निघाले. एका बाजूला सुरूचं बन, दुसऱ्या बाजूला पाणी. मध्येच उतरून चालत राहिले, कारण चिमुकल्या खेकड्यांनी बिळांभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडली होती, चाक घालवेना. चालता चालता आठवलं, समाजसुधारक धोंडो केशव कर्वे याच मुरुडचे. परीक्षेसाठी ते इथून पार साताऱ्यापर्यंत पायी गेले होते! पुढे मात्र त्या नक्षीवरूनच जीपच्या चाकांचे खोल चर गेलेले दिसले. फार वाईट वाटलं. इथे याल तर गाडी रस्त्यावरच ठेवा आणि किनाऱ्यावर चालत या.