झील धरणारे गळे

पोवाडा रंगात आला की सर्वांचे डोळे शाहिराकडे लागतात. मला मात्र त्याच्या मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांचे कुतूहल वाटत आले आहे. हाती तुणतुणे वा झांज घेऊन ते शाहिराच्या ओळीचे शेवटचे शब्द उचलतात, ‘जी जी’ करीत सूर लांबवितात. तेवढ्या अवधीत शाहीर श्वास घेतो, पुढचा प्रसंग मनाशी जुळवितो, मध्येच गद्यात दोन वाक्ये सांगून कथा पुढे नेतो. झील तुटली की पोवाडा तुटतो. पुष्कळ शाहीर घडले तेही आधी गुरूच्या मागे झील धरूनच.

अफजलखानाच्या वधावरील (१६५९) अज्ञानदासाचा आणि सिंहगडच्या लढाईवरील (१६७०) तुळशीदासाचा असे दोन पोवाडे शिवचरित्राच्या अभ्यासकांना परिचित आहेत. अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली छापला. तोवरची दोन शतके हे काव्य मुख्यतः शाहीर आणि गोंधळी यांच्या कंठातून वाहत आले होते.

या गाण्यांत सर्व तपशील काटेकोर असतात असे नाही. तानाजीच्या मृत्यूनंतर कोंढाण्याला सिंहगड हे नाव पडले अशी लोकसमजूत आहे. पण हे नाव १६६३ सालच्या पत्रातही आढळते. कडा चढून जाणाऱ्या घोरपडीवर तर इतिहासकार सहसा विश्वास ठेवीत नाहीत. तरीही मुलाचे लग्न बाजूला ठेवून निघालेला बाप लोकांच्या काळजात राहिला तो गाण्यामुळेच. दफ्तराने सनावळी राखली, शाहिराने माणसांचे मोल राखले. आपल्याला दोन्हींची गरज आहे.

अगदी अलीकडच्या काळात हे काम अण्णाभाऊ साठे यांनी केले. १९२० साली सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा त्यांना जवळजवळ लाभलीच नाही. मुंबईत येऊन त्यांनी गिरणीत घाम गाळला आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड वरवर पाहता पोटासाठी मुंबईला आलेल्या नवऱ्याची विरहव्यथा आहे. पण गाता गाता ती मैना महाराष्ट्राबाहेर राहिलेली मराठी भूमी होते. संयुक्त महाराष्ट्राचा लढा ठरावांत आणि वृत्तपत्रांत सापडेल. गावी बायको ठेवून आलेल्या कामगाराला तो आपला का वाटला, हे कळण्यासाठी ही छक्कडच ऐकावी लागते.

आमच्या वसईत माझ्या आजीने कधी डफ हाती धरला नाही. पण लग्नघरी मांडवात बसून ती सामवेदी बोलीतली गाणी म्हणू लागली की तिच्या भोवतीच्या बायका ओळ उचलीत आणि तिला श्वास घ्यायला उसंत मिळे. पानवेलींचे मळे, बावखल, बैलगाडीची वाट, माहेर सोडणाऱ्या मुलीला दिलेले लुगडे हे सारे त्या गाण्यांत असे. कोणत्याही दफ्तरात नसलेला आमच्या वाडीचा इतिहास मी तिथे ऐकला. आता आजी नाही. मागच्या पावसाळ्यापूर्वी नात्यातल्या एका लग्नात तिच्या पिढीच्या दोघीच उरल्या होत्या. एकीने ओळ सुरू केली, दुसरीने ती धरली. पण पुढे झील द्यायला तिसरी नव्हती. चार ओळींतच गाणे संपले आणि बँड वाजू लागला.

फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण राशोल येथे १६१६ मध्ये छापले गेले. त्या शतकातील तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही छापील प्रत आज ज्ञात नाही. भाविकांनी हाताने उतरविलेल्या प्रती टिकल्या, म्हणूनच १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले. छापलेल्या ग्रंथाची ही गत, तर कधीच न छापलेल्या लग्नगीतांची काय कथा!

म्हणून प्रत्येक धर्मग्रामातील तरुणांना माझे एक मागणे आहे. आपल्या आळीतील वृद्ध स्त्रियांकडे जा. त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित करा आणि वहीतही उतरवा; बोलीतील शब्द प्रमाण भाषेत ‘सुधारू’ नका. गाणे कोणत्या विधीला म्हणतात, त्यातली माणसे कोण, हेही विचारून ठेवा. आणि एवढे झाल्यावर वही मिटून त्यांच्याजवळ बसा. त्या ओळ सुरू करतील, तेव्हा ती उचलायला त्यांच्या मागे तुमचा आवाज हवा.